‘अभिनंदन’ आणि ‘शुभेच्छा’ : नेमकं काय, कशाबद्दल? (बातम्यांच्या भाषांतरावरची चर्चा; बोलणाऱ्यांना इथे ठिकाणांची नावं दिली आहेत.)

नौपाडा : वैरी किंवा प्रतिस्पर्धी देशात नेता बदलला की आपल्या पंतप्रधानांचा संदेश जातो. मराठी बातमीत त्याला कधी ‘अभिनंदन’ म्हणतात, कधी ‘शुभेच्छा’. भाषांतर करताना कोणताही शब्द चालेल का?

वाशी : नाही. अभिनंदन घडून गेलेल्या गोष्टीचं, शुभेच्छा पुढच्या वाटचालीसाठी. अभिनंदन केलं की जे घडलं ते मान्य असल्याचं त्यात आपसूक येतं, शुभेच्छांमध्ये तेवढं येत नाही. प्रतिस्पर्धी देशाचं नाही, पण शेजारचं उदाहरण घ्या. ८ ऑगस्ट २०२४ ला मुहम्मद युनूस यांनी बांगलादेशच्या हंगामी सरकारची सूत्रं घेतली तेव्हा मोदींनी नव्या जबाबदारीसाठी शुभेच्छा दिल्या आणि लगेच हिंदू व इतर अल्पसंख्याकांच्या सुरक्षिततेचा उल्लेख केला. तिथे ‘अभिनंदन केले’ लिहिलं तर अर्थच बदलतो.

ऐरोली : माझ्या मते खरी गोम ‘बद्दल’च्या आधीच्या शब्दात आहे. पाकिस्तानचे पंतप्रधान झालेल्या शाहबाज शरीफ यांना मोदींचे दोन संदेश गेले. एप्रिल २०२२ मध्ये अभिनंदन होतं पंतप्रधानपदी ‘निवड झाल्याबद्दल’, आणि पुढे दहशतवादमुक्त प्रदेशात शांतता व स्थैर्य हवं, हेही होतं. ५ मार्च २०२४ ला एकच ओळ, आणि अभिनंदन ‘शपथ घेतल्याबद्दल’. त्याआधी फेब्रुवारीत तिथे झालेल्या निवडणुकीवर गैरप्रकारांचे आरोप झाले होते. त्याच वर्षी जूनमध्ये मोदी पुन्हा पंतप्रधान झाले तेव्हा शरीफ यांनी त्यांना पाठवलेली ओळही शपथ घेतल्याबद्दलचीच. हेतूबद्दल तर्क करणं हे भाषांतरकाराचं काम नाही, पण दोन्हीकडे ‘पंतप्रधान झाल्याबद्दल’ लिहिलं की वाचकाच्या हातून तर्क करायचा धागाच जातो.

नौपाडा : ‘निवड’ की ‘निवडून आल्याबद्दल’? ठाण्यातल्या तलावपाळीच्या फलकांवर तर सगळ्यालाच ‘निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ असतं.

ऐरोली : फलकावर नियुक्तीलाही निवड म्हणतात, तिथे खपतं. बातमीत फरक ठेवा. मतदारांनी निवडलं तर ‘निवडून आले’, सभागृहाने निवडलं तर ‘निवड झाली’, वरून नेमलं तर ‘नियुक्ती’. शरीफ यांना २०२२ मध्ये नॅशनल असेंब्लीने, म्हणजे पाकिस्तानी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने निवडलं, म्हणून ‘निवड’.

घोडबंदर : पदनामाकडेही बघा. मे २००१ मध्ये वाजपेयींचं निमंत्रण गेलं तेव्हा पाकिस्तानचे लष्करी शासक मुशर्रफ यांचं पदनाम ‘मुख्य कार्यकारी’ होतं. २० जूनला ते राष्ट्राध्यक्ष झाले आणि जुलैत शिखर परिषदेसाठी आग्र्याला आले. मे महिन्याच्या मजकुरात त्यांना राष्ट्राध्यक्ष म्हणणं चूक.

वाशी : आणि ‘अखेर’ हा शब्द टाळा. २०२० मध्ये अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक जिंकलेल्या बायडेन यांचं अभिनंदन शी जिनपिंग यांनी २५ नोव्हेंबरला केलं, पुतिन यांनी १५ डिसेंबरला, म्हणजे अध्यक्षाची औपचारिक निवड करणाऱ्या निर्वाचक मंडळाच्या मतदानाच्या दुसऱ्या दिवशी. तारखा दिल्या की उशीर दिसतोच. ‘अखेर’ घातलं की बातमीदाराचं मत नेत्याच्या तोंडी जातं.

नौपाडा : ‘नोंद घेतली’ आणि ‘दखल घेतली’?

घोडबंदर : ‘नोंद’ म्हणजे कळलं, एवढंच. ‘दखल’मध्ये पुढे काही करण्याची चाहूल असते. सरकार फक्त ‘आम्ही बातम्या पाहिल्या आहेत’ म्हणालं, तर ‘दखल’ लिहू नका.