‘मेद’, ‘चरबी’ की ‘लिपिड’? इक्थिऑसिसबद्दल मराठीत लिहिताना

प्रश्न : इक्थिऑसिस, म्हणजे त्वचेवर खवले धरणारा जन्मजात विकार, असलेल्या मुलांच्या पालकांसाठी मराठीत माहितीपत्रक करते आहे. ‘लिपिड मेटाबॉलिझममधला दोष’ त्यात सारखा येतो. ‘मेदाच्या चयापचयातील बिघाड’ म्हटलं तर चालेल का? ‘स्किन बॅरिअर’लाही शब्द हवाय. ‘त्वचेचा अडसर’ कानाला खटकतो.

उत्तर : ताई, ‘मेद’ नकोच. मेद म्हटलं की आपल्याकडे सुटलेलं पोट आठवतं, आणि ‘चरबी’ तर त्याहून वाईट. वाचणारी आई आधी विचारेल, बाळाचं तूप बंद करू का? आणि मनात धरून बसेल, की दिवस असताना मीच काहीतरी चुकीचं खाल्लं. सरळ ‘लिपिड’ लिहा आणि एकदाच नीट समजावून सांगा : त्वचेच्या सगळ्यांत वरच्या थरात मेलेल्या पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये चुन्यासारखी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं ही लिपिडं भरलेली असतात. (‘मेदाम्ल’ शाळेच्या पुस्तकांमुळे रुळलाय, तो राहू द्या.) यातला निम्मा वाटा सेरामाइडांचा. हे मिश्रण बिघडलं की अंगातलं पाणी उडून जातं आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. म्हणून बॅरिअरला ‘त्वचेचं संरक्षक आवरण’ म्हणा. लांब आहे, पण कळतं.

‘कोरडी त्वचा’ हा शब्दही जपून वापरा. एक्स गुणसूत्राशी निगडित इक्थिऑसिसचंच पाहा. स्टेरॉइड सल्फाटेज नावाचं एन्झाइम नसल्यामुळे कोलेस्टेरॉल सल्फेट तुटत नाही, वरच्या थरात साठत जातं. पेशींना एकमेकींपासून सोडवणारी एन्झाइम त्यामुळे दबतात आणि मेलेल्या पेशी झडायच्या त्या झडतच नाहीत. नडगीवर, मानेवर तपकिरी खवले धरतात. तळहात, तळपाय मात्र स्वच्छ. नुसता कोरडेपणा म्हटलं की घरचे तेल चोळून मोकळे होतात. हा दोष आईकडून येतो, त्यामुळे मामाला असतो आणि भाच्यात दिसतो. बाळाच्या वारेतही ते एन्झाइम नसतं, म्हणून आईच्या अंगातलं इस्ट्रिऑल हे संप्रेरक कमी राहतं आणि कधी कधी कळा वेळेवर सुरूच होत नाहीत. पत्रकात हे जरूर घाला. डॉक्टरांना सांगण्याजोगी गोष्ट आहे.

दुसरं मत : चरकसंहितेत एककुष्ठ या त्वचारोगाचं वर्णन ‘मत्स्यशकलोपम’, म्हणजे माशाच्या खवल्यांसारखं, असं आहे. ग्रीकमध्येही इक्थिस म्हणजे मासाच. मग ‘मत्स्यत्वचा’ का नको?

उत्तर : शब्द सुरेख आहे, पण शाळेत त्या पोराला ‘मासा’ म्हणून हाक पडेल त्याचं काय? शिवाय एककुष्ठ म्हणजे आजचा सोरायसिस असं बरेच वैद्य मानतात, आणि ‘कुष्ठ’ शब्द आला की माणसं पाणीसुद्धा वेगळ्या पेल्यात देतात. नाव ‘इक्थिऑसिस’च ठेवा. वर्णनात ‘खवले’ चालेल. ‘खपली’ जखमेची, ‘कोंडा’ डोक्यातला.

प्रश्न : मग ‘आहाराचा संबंध नाही’ असं ठाम लिहू?

उत्तर : बहुतेक प्रकारांत हो. हार्लेक्विन इक्थिऑसिस या अतिशय गंभीर प्रकारात एबीसीए१२ हा लिपिड वाहून नेणारा घटक निकामी असतो (त्याचं जनुक २००५ साली सापडलं). श्योग्रेन-लार्सन या दुसऱ्या प्रकारात मेदापासून बनणारे अल्डिहाइड नावाचे पदार्थ मोडत नाहीत. त्यात पायही ताठरतात. खाण्यापिण्यातून हे आजार होत नाहीत. पण रेफसम रोगात मात्र आईचा तुपाचा प्रश्न अगदी रास्त ठरतो. दूध-तूप, मटण, काही मासे यांतलं फायटॅनिक आम्ल शरीराला मोडता येत नाही, ते साठतं. नजर आणि नसा दुखावतात, त्वचेवर खवले येतात. तिथे पथ्य हाच उपचाराचा गाभा. आणि कडक उपवास अजिबात नको, कारण अंगातली चरबी वितळली की साठलेलं आम्ल एकदम रक्तात उतरतं. हो, इथे ‘चरबी’च लिहा.

मुख्य वाक्य असं करता येईल : ‘त्वचेतली लिपिडं बनवण्याचं, पोचवण्याचं किंवा मोडण्याचं एखादं काम या मुलांमध्ये जन्मापासून नीट होत नाही. हा आजार स्पर्शाने पसरत नाही.’ दुसरं वाक्य ठळक छापा.