शब्दचर्चा: नायट्रिक ऑक्साइड, नत्रवायू आणि ‘ताण’

पुस्तिका, कोल्हापूर: करवीर-शिरोळच्या ऊस उत्पादकांसाठी पीक शरीरक्रियेवर छोटी पुस्तिका होते आहे. मसुद्यातलं वाक्य असं: ‘पर्यावरणीय ताणात वनस्पती नत्रवायू तयार करते व त्यामुळे तिला फायदा होतो.’ नायट्रिक ऑक्साइडला ‘नत्रवायू’ चालेल का? आणि ‘ताण’ पुरेसा आहे का?

वनस्पतिशास्त्र: ‘नत्रवायू’ अजिबात नको. तो हवेत ७८ टक्के असलेला वायू. इथे हवा आहे एक नत्र आणि एक ऑक्सिजन मिळून झालेला रेणू. ‘नत्र-ऑक्साइड’ही टाळा. शेतकऱ्याच्या कानाला ‘नत्र’ म्हणजे युरियाचं पोतं, आणि त्या वाक्यातून मात्रा वाढवा असा अर्थ निघेल. ‘नायट्रिक ऑक्साइड’ तसंच ठेवा.

मुद्रितशोधन करताना ‘नायट्रिक’चं ‘नायट्रस’ होऊ देऊ नका. नायट्रस ऑक्साइडमध्ये दोन नत्र, एक ऑक्सिजन. शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करतो. युरिया टाकलेल्या रानात पाणी साचलं की मातीतले जिवाणू नायट्रेट फोडून तोच सोडतात. म्हणजे बुडीत उसावरच्या एकाच परिच्छेदात दोन्ही नावं येऊ शकतात. नायट्रिक ऑक्साइड मात्र पेशींत काही सेकंदच टिकतो, निरोप पोचवतो आणि संपतो. म्हणून त्याला ‘संदेशवाहक रेणू’ म्हणा. ‘संप्रेरक’ नको, तो शब्द ऑक्झिन, इथिलीन यांच्यासाठी राखलेला आहे.

ऊसपट्टा: ‘ताण’बद्दल. आपल्याकडे ताण देणे म्हणजे पाणी तोडणे. डाळिंबाचा बहार धरताना हाच शब्द. पंचगंगेचं पाणी रानात आठवडाभर उभं राहिलं तर त्याला कुणी ताण म्हणत नाही. ‘ऊस बुडाला’ म्हणतात. शिरोळकडच्या जमिनीला ‘क्षारपड’ म्हणतात. नुसतं ‘ताण’ छापलं तर निम्मे वाचक दुष्काळ समजतील. प्रत्येक वेळी पूर्ण लिहा: पाणीटंचाईचा ताण, पाणी साचल्याचा ताण, क्षारांचा ताण.

वनस्पतिशास्त्र: सहमत, आणि हा फक्त भाषेचा प्रश्न नाही. या रेणूचं काम ताणागणिक बदलतं, त्यामुळे मसुद्यातलं ‘त्यामुळे तिला फायदा होतो’ हे सरसकट खरं नाही.

पाणीटंचाईत ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं. त्याच्या निरोपावरून पर्णरंध्राच्या, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्राच्या, कडेच्या रक्षक पेशींत नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. पेशीतलं मोकळं कॅल्शियम वाढतं, पोटॅशियम आत यायची वाट बंद होते, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही कमी आत येतो, वाढ मंदावते. इथे ‘तग धरणे’ हा शब्द चपखल बसतो. ‘प्रतिकार’ रोगासाठी ठेवा.

पाणी साचल्यावर गोष्ट उलटी. मुळांना ऑक्सिजन कमी पडला की नायट्रेट रिडक्टेज हे विकर नायट्राइटपासून जास्त नायट्रिक ऑक्साइड बनवू लागतं. अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या, प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपावरच्या प्रयोगांत दिसलं ते असं: ऑक्सिजनटंचाईला तोंड देणारी जनुकं चालू करणारी काही प्रथिनं नायट्रिक ऑक्साइडमुळे आणि ऑक्सिजनमुळे मोडतात. पाण्यात वायू फार हळू पसरतो, म्हणून झाडानं सोडलेलं इथिलीन मुळाभोवती कोंडतं. ते फायटोग्लोबिन हे प्रथिन वाढवतं, फायटोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड वेचून त्याचं नायट्रेट करतं, आणि ती प्रथिनं वाचतात. इथे तो कमी होण्यातच झाडाचा बचाव आहे.

पुस्तिका: मग नायट्रिक ऑक्साइड पुरवणाऱ्या रसायनाला इंग्रजीत ‘डोनर’ म्हणतात, त्याला ‘दाता’ लिहू? बियाणं भिजवायला सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरतात, ते घ्यायचं आहे.

प्रयोगशाळा: ‘दाता’ माणसासारखा वाटतो. ‘नायट्रिक ऑक्साइड सोडणारं संयुग’ लांब आहे, पण स्पष्ट आहे. मात्र शेतकऱ्यांच्या पुस्तिकेत त्याची मात्रा देऊ नका. हे प्रयोगशाळेतलं रसायन आहे. उजेडात फुटलं की नायट्रिक ऑक्साइडबरोबर सायनाइडही सुटतं. शिवाय थोड्या मात्रेत जे रोप तगवतं, तेच जास्त झालं की सुपरऑक्साइडशी मिळून पेरॉक्सिनायट्राइट बनतं आणि प्रथिनं, पेशीपटल बिघडवतं.

विद्यार्थ्यांसाठी वेगळी टीप करणार असाल तर: १०० मायक्रोमोलर द्रावणाला लिटरला २९.८ मिलिग्रॅम, तेही द्विजलीय स्फटिकांच्या वजनावर. तपकिरी बाटली, त्याच दिवशी केलेलं द्रावण. सोबत तीन तुलना हव्यात: नुसतं पाणी, उजेडात ठेवून निकामी केलेलं तेच द्रावण, आणि नायट्रिक ऑक्साइड वेचणारं सी-पीटीआयओ मिसळलेलं द्रावण. दुसरी तुलना वगळली तर दिसलेला परिणाम नायट्रिक ऑक्साइडचा की त्या रसायनातल्या सायनाइडचा वा लोहाचा, हे सांगता येत नाही. ‘वेचणारं’ हा शब्द ‘स्कॅव्हेंजर’साठी ठेवा, ‘शोषक’ लिहिलं तर टिपकागदासारखं वाटतं.

पुस्तिका: वाक्य दोन भागांत करतो: ‘पाणीटंचाईच्या ताणात नायट्रिक ऑक्साइड पर्णरंध्रे मिटवायला मदत करतो. पाणी साचल्यावर मात्र मुळातला नायट्रिक ऑक्साइड कमी करणं झाडाला उपयोगी पडतं.’

वनस्पतिशास्त्र: दुसऱ्या वाक्याआधी ‘अरॅबिडॉप्सिसवरील प्रयोगांनुसार’ जोडा. उसावर ते जसंच्या तसं लागू आहे असं छापू नका.