बूटेड की साईक्स? गोरेवाड्याचा वटवट्या

रविवारी सकाळी नागपूरच्या गोरेवाडा तलावाकाठच्या बाभळीत हा वटवट्या (वॉर्बलर) दिसला. चिमणीहून लहान, वरून फिका मातकट, खालून मळकट पांढरा. पंधरा मिनिटं मागं फिरलो, चार फोटो मिळाले, त्यातल्या तिनात काटेच काटे. मी 'ब्लिथ' (हाही एक वटवट्याच) लिहून मोकळा होणार होतो, तर सोबतचा मित्र म्हणे साईक्स. तर्री-पोह्याची पैज लागली. पण बूटेड नावाचाही एक वटवट्या आहे, अन् मला तो अन् साईक्स जुळे भाऊच वाटतात. नेमकं काय बघायचं?

उत्तर १
भाऊ, आधी ब्लिथ बाद करा. त्याची शेपटी टोकाला गोलसर, आणि शेपटीखालची पिसं लांब. तुमच्या दुसऱ्या फोटोत ती पिसं आखूड आहेत, शेपटी टोकाशी चौकोनी, बाहेरच्या पिसाला फिकट कड. म्हणजे त्या दोघांपैकीच.

आता चोच. साईक्सची लांब, खालची चोच टोकापर्यंत जवळपास फिकीच. बूटेडची आखूड, खालच्या चोचीच्या टोकाला काळसर. बूटेडची भुवई (डोळ्यावरची फिकी पट्टी) पण ठळक, तिच्यावर गडद रेघ ओढल्यासारखी. साईक्सचा चेहरा त्यामानाने कोरा, शेपटी लांब. रंगावर जाऊ नका, सकाळच्या उन्हात सगळेच पिवळट दिसतात.

उत्तर २
बूटेड जास्त करून खाली, गवतात नाहीतर खुरट्या झुडपात. साईक्सला बाभूळ आवडते. पण बाभळीवर दिसला म्हणून साईक्स लिहू नका राजेहो! मागच्या हिवाळ्यात हिंगण्याकडे तुरीच्या धुऱ्यावर एक पक्का बूटेड बघत होतो, तर पठ्ठ्या उडाला अन् थेट बोरीच्या शेंड्यावर.

आणि गोंधळलात म्हणून लाजू नका. ही दोघं बरीच वर्षं एकच जात समजली जायची. कर्नल साईक्सनं १८३२ मध्ये आपल्या दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत साईक्स वटवट्याला 'रामा' हे नाव दिलं, ते शास्त्रीय नावात अजून आहे.

प्रश्नकर्ता
रात्री फोटो मोठा करून बघितला. खालच्या चोचीच्या टोकाला काळं दिसतं खरं, पण नेमकी तिथंच काट्याची सावली पडलीय. भुवई आहे, ठळक म्हणवत नाही. ईबर्डवर (पक्षीनोंदींची वेबसाइट) 'बूटेड/साईक्स' असा पर्याय सापडला, तोच भरला. पोह्याचे पैसे दोघांनी आपापले दिले.