१९५७ची डी-१८: दुरुस्तीचे पैसे भावातून कापायचे की नाही?

खर्जातला:
मैत्रिणीच्या बाबांची गिटार आहे. काका गेल्याला दोन वर्षं झाली, तिच्या घरी आता वाजवणारं कुणी नाही आणि गिटार माझ्याकडेच यावी असं तिला वाटतं. "काय द्यायचं ते तूच ठरव, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," असं म्हणून ती मोकळी झाली. अडकलो मी.

मार्टिन डी-१८. आत नेकच्या ठोकळ्यावर मॉडेल आणि क्रमांक ठसवलेला आहे. दरवर्षीचा शेवटचा क्रमांक कंपनीने जाहीर केलेला असल्यामुळे साल लगेच लागलं, १९५७. टॉप स्प्रूसचा, पाठ आणि कडा महोगनीच्या. लॅकरवर बारीक जाळी पडली आहे. पिकगार्डच्या (ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटवलेल्या पत्र्याच्या) कडेला, साउंडहोल आणि ब्रिजच्या (तारा जिथे टॉपला अडकतात त्या लाकडी पट्टीच्या) मध्ये, एक लांब तडा आहे. खुंट्या बदललेल्या. बाराव्या फ्रेटपाशी जाड तार जवळजवळ साडेचार मिलिमीटर वर आहे आणि सॅडल (ब्रिजवरची, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आधीच इतकं खाली गेलंय की घासायला काही उरलेलं नाही. म्हणजे नेक रिसेट, नेक उपटून कोन सुधारून पुन्हा बसवणं, आलंच.

माझा हिशोब असा. चांगल्या स्थितीतल्या नगाचा भाव १०० धरला. रिसेट, फ्रेट आणि तडा मिळून १५ वजा. खुंट्यांचे ५. दुरुस्तीची जोखीम, धावपळ आणि तेवढे महिने गिटार अडकून पडणार त्याचे १०. उरले ७०. हे रास्त आहे की मी मैत्रीचा फायदा घेतोय?

हिशोबी:
आधी सांगा, १०० आणला कुठून? विक्रीला लावलेल्या किमती पाहिल्या असतील तर ते आकडे विसरा. तिथे काही नग दोन-दोन वर्षं हलत नाहीत आणि त्यांचा आकडा मात्र तसाच झळकत राहतो. प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या व्यवहारांचे आकडे घ्या, तेही अलीकडचे, त्याच मॉडेलचे आणि आगेमागे चार-पाच वर्षांतले.

दुसरं, ते १०० कशाचे? ज्या गिटारचा रिसेट होऊन गेलाय आणि जी आत्ता हातात घेऊन वाजवता येते तिचा तो भाव असेल, तर दुरुस्ती वजा करणं बरोबर. पण 'आहे तशी' विकल्या गेलेल्या गिटारींची सरासरी काढली असेल, तर दुरुस्ती त्या भावात आधीच कापलेली आहे. तुम्ही ती पुन्हा कापताय. पंधरा दोनदा गेले. तिसऱ्यांदा दहा 'जोखीम' म्हणून गेले, ती तर त्याच दुरुस्तीची!

आडवी_तार:
मी स्पष्टच बोलते. ७० हा दुकानदाराचा खरेदीभाव आहे, बरेच जण तर ५०-६०लाच मागतात. त्याला कारणं आहेत. त्याला भाडं आहे, माल महिनोन्‌महिने पडून राहतो, विकल्यावर तक्रार आली तर निस्तरावं लागतं. तुम्हाला यातलं काय आहे? गिटार तुमच्याच खोलीत राहणार. दुकानदाराचा नफा हवा आणि दुकानदाराची डोकेदुखी नको, याला काय म्हणायचं? तिने विश्वासाने तुमच्या हातात आकडा दिला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात याला.

खर्जातला:
लोणी खायचं असतं तर इथे विचारायला आलो नसतो. ७० आकडा मनात ठेवून गप्प बसलो असतो.

आणि जोखीम काल्पनिक नाही. नेक उपटताना टॉपला नवा तडा गेला तर तो माझ्या नशिबी. तिला मात्र एकरकमी पैसे मिळतात, अनोळखी लोकांच्या चौकशा नाहीत, पॅकिंग नाही, वाटेत मोडतोड नाही. त्या सोयीचं मोल शून्य कसं?

आडवी_तार:
शून्य नाही. पण ते तुम्ही एकट्याने ठरवलेले १० पण नाहीत. तिला विकायला जायचं असतं तर वीस टक्क्यांच्या आसपास दलाली गेली असती. ती दोघांचीही वाचते, म्हणून ती अर्धी-अर्धी वाटा. तिथून सुरुवात करा.

सुतारपक्षी:
दुरुस्तीचं काम करतो म्हणून थोडं आतलं सांगतो.

१२ नंबरच्या तारांचा सेट सुरात लावला की नेकवर साधारण सत्तर-बहात्तर किलोची ओढ असते. साठ-पासष्ट वर्षं ती ओढ रात्रंदिवस चालू. टॉप ब्रिजमागे थोडा फुगतो, साउंडहोलपाशी दबतो, नेक पुढे झुकते. सरसच्या जोडाची ही गिटार रिसेट मागणारच. मी याला बिघाड म्हणतच नाही. मोटारीचे टायर झिजतात तसं हे. १९५७च्या डी-१८चा रिसेट झाला नसेल तर आता होईल, आणि झालेला असेल तर कुणीतरी त्याचे पैसे भरून झालेत. या नेकमध्ये पोलादी पट्टी आहे पण ती फिरवता येत नाही. फिरणारा रॉड मार्टिनने १९८५मध्ये आणला. त्यामुळे 'किल्लीने अॅक्शन (तारांची उंची) खाली करून दे' म्हणणाऱ्यांनी दूर राहावं. (तसाही रॉड नेकचा बाक सरळ करतो, नेकचा कोन बदलत नाही.)

तुमचा तडाही घाबरण्यासारखा नाही. त्या काळी पिकगार्ड लॅकर लावायच्या आधी थेट कोऱ्या लाकडावर चिकटवत. ते काळाबरोबर आकसतं, लाकडाला आपल्याबरोबर ओढतं आणि कडेला लाकूड उकलतं. या वयाच्या मार्टिनमध्ये तो तडा इतका नेहमीचा की नसला तर मी आधी पिकगार्ड बदललंय का ते बघतो. आतून नीट टेकू देऊन बसवला की भावावर फारसा परिणाम होत नाही.

पैसे खरे तीन ठिकाणी जातात, आणि त्यांचा तुमच्या पोस्टमध्ये उल्लेखही नाही. ब्रिज घासून पातळ केलाय का? सॅडलच्या खालचं लाकूड साडेआठ-नऊ मिलिमीटर असायला हवं. आत ब्रिजप्लेट (ब्रिजच्या खाली टॉपला आतून चिकटवलेली फळी) मूळ मेपलची छोटीच आहे का, की कुणी उपटून मोठी बसवली? लहान आरसा आणि टॉर्च पुरे. आणि लॅकर खरंच मूळ आहे का? काळोख्या खोलीत अतिनील दिवा धरा. जुनं नायट्रो लॅकर हिरवट-पिवळट चमकतं, नंतर मारलेला हात वेगळा दिसतो. हे पाहिल्याशिवाय ७० आणि ९०ची भांडणं म्हणजे पोरखेळ.

नवा_कोरा:
एक मूर्ख प्रश्न. एवढं सगळं कशासाठी? आज बनणारी चांगली महोगनी ड्रेडनॉट (डी-१८सारखी मोठ्या अंगाची गिटार) घ्या, नेक सरळ, रॉड फिरतो, तडा नाही, वॉरंटी आहे. तुम्ही पैसे मोजताय ते ठोकळ्यावरच्या आकड्याला.

२०१२मध्ये व्हायोलिनवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. २१ वादकांना डोळ्यांवर काळे चश्मे लावून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिनं वाजवायला दिली. बहुतेकांनी नवं निवडलं. २०१८मध्ये गिटारवरही प्रयोग झाला, सहा गिटारी, फक्त पाठ आणि कडांचं लाकूड वेगळं, ५२ वादक. न बघता वाजवताना ब्राझिलियन रोझवूड आणि साधं लाकूड यांत कुणाला सांगण्यासारखा फरक करता आला नाही. आणि यामाहाची लाल लेबलवाली एफजी-१८० घ्या, १९६६ची. टॉपसुद्धा प्लायवूडचा! तरी लोक 'विंटेज' म्हणून तिच्या मागे धावतात. त्यामुळे माझ्या मते रास्त भाव ४०. कानाला जेवढं ऐकू येतं तेवढ्याचेच पैसे.

जुनं_लाकूड:
प्रयोग वाचलेत, पण ते जे सांगतात त्याहून जास्त त्यांच्याकडून वदवून घेताय. २०१८चा प्रयोग पाठीच्या लाकडाबद्दल होता, वयाबद्दल नव्हता. सहाही गिटारी नव्याच बनवलेल्या होत्या. व्हायोलिनचं म्हणाल तर मान्य, पण त्यानंतर जुन्या इटालियन व्हायोलिनांचे भाव कुठे पडले? भाव आवाजाचा नसतोच निव्वळ. १९५७ची डी-१८ आता कुणी बनवू शकत नाही, हे त्या भावाचं अर्धं कारण.

आणि विंटेज म्हणजे सरसकट सोनं असंही नाही. मार्टिनने १९४४च्या अखेरीस टॉपला आतून आधार देणाऱ्या पट्ट्या पोखरून हलक्या करणं बंद केलं. त्याआधीची डी-१८ आणि ही, दोघींवर नाव एक असलं तरी भावाच्या दोन वेगळ्या दुनिया आहेत. खर्जातले, तुमचे १०० त्या आधीच्या नगांवरून काढले असतील तर उलट तुम्हीच फसाल. सगळी गिटार पुन्हा रंगवलेली निघाली तर धंद्यातला अंदाज सरळ निम्मा भाव, मग आवाज कितीही गोड असो. ४० हा रंगवलेल्या, ब्रिजप्लेट बदललेल्या नगाचा आकडा. मूळ लॅकरच्या गिटारला तो लावणं म्हणजे शुद्ध खोडसाळपणा.

रात्रपाळी:
अहो 'निर्वाणा' बँडच्या गायकाची, कर्ट कोबेनची डी-१८ई, १९५९ची, २०२०च्या लिलावात ६० लाख डॉलरच्या वर गेली. मॉडेल जवळपास तेच, दोन वर्षांनी नवीच उलट. मैत्रिणीला सांगा थांब म्हणून!

हिशोबी:
ती गिटार नव्हती, कोबेन होता. काकांनी वाजवलेल्या गिटारचं मोल त्यांच्या मुलीला आहे, बाजाराला नाही. कटू आहे, पण इथे हिशोब चाललाय.

नवा_कोरा, तुमच्या ४०शी सहमत नाही, तरी एक मुद्दा तुमच्या बाजूचा आहे. 'जुनी गिटार म्हणजे गुंतवणूक, भाव चढतच जाणार' हे गृहीत धरून लोक जास्तीचे १०-१५ देतात. २००८च्या मंदीत ते कसे आपटले ते पाहिलंय. उद्याचा भाव आजच्या सौद्यात धरू नये.

परदेशी_तंबू:
अवांतर, पण उपयोगी. पुढेमागे ही गिटार सीमेपलीकडे न्यायची किंवा विकायची असेल तर लक्षात घ्या, पाठ महोगनीची असली तरी १९५७च्या डी-१८चं फिंगरबोर्ड आणि ब्रिज ब्राझिलियन रोझवूडचं असतं. ते लाकूड १९९२पासून धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे साइट्‌सच्या पहिल्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय ने-आण नाही. २०१९मध्ये तयार वाद्यांना सवलत मिळाली ती इतर रोझवूडना, याला नाही. म्हणून परदेशातल्या व्यवहारांचे आकडे पाहून भाव ठरवताना जपून. तुमचं गिऱ्हाईक तिथलं नाही.

खर्जातला:
काल रात्री तिच्याच घरी, तिच्यासमोर सगळं तपासलं. सुतारपक्षी, तुमच्यामुळे तिच्या स्वयंपाकघरातले दिवे तासभर बंद होते.

टॉप, पाठ, कडा सगळीकडे एकसारखी हिरवट चमक. नेकच्या मागे मात्र हाताच्या लांबीचा पट्टा काळपट दिसला, तिथे कुणीतरी नंतर लॅकर मारलंय. आरशात ब्रिजप्लेट छोटी मेपलचीच दिसते, पण तारांच्या टोकांच्या धातूच्या गोळ्यांनी तिच्यातल्या तारांच्या भोकांच्या कडा कुरतडल्या आहेत. आणि ब्रिज: सहा मिलिमीटर. सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून पुढे सरकवली तर ती ब्रिजच्या वर टेकायच्या ऐवजी त्याच्या पोटावर जाऊन धडकते. मैत्रीण म्हणाली, "हो, बाबांनी एकदा तार खाली हवी म्हणून घासून घेतला होता." म्हणजे रिसेट तेव्हाच हवा होता आणि काकांनी स्वस्तातला मार्ग काढला.

१०० कुठून आला तेही पुन्हा पाहिलं. हिशोबी, तुमचं बरोबर निघालं. पाच नगांपैकी तीन 'आहे तसे' विकलेले होते. रिसेट झालेले दोनच धरले तर १०० वर सरकतो.

सुतारपक्षी:
कुरतडलेली प्लेट उपटू नका, भोकांपाशी मेपलचे छोटे तुकडे बसवून निभतं. ब्रिज नवा लागेल. जुन्याच मापाचा आणि जुन्याच जागी, त्याच्या ठशाबाहेर एक केससुद्धा नको. नेकवरचा पट्टा आहे तसा राहू द्या.

हिशोबी:
मग नव्या १००मधून रिसेट, फ्रेट, ब्रिज एकदा कापा, तडा किरकोळ, खुंट्या आणि नेकचा पट्टा मिळून ६-७. मी ७८ म्हणतो. जोखमीचे वेगळे नाहीत.

आडवी_तार:
८५. वाचलेल्या दलालीतला तिचा वाटा विसरलात. आणि आकडा कागदावर देणारा असा माणूस शोधा ज्याला गिटार विकत घ्यायची नाही. तळं राखी तो पाणी चाखी, आणि इथे तळं राखणारा, पाणी मोजणारा आणि पिणारा एकच आहे.

नवा_कोरा:
सहा मिलिमीटरचा ब्रिज आणि ८५! चालू द्या.

खर्जातला:
कारागिराचा लेखी अंदाज पुढच्या आठवड्यात मिळेल, तो मी नाही, तीच घेणार आहे. हे दोन्ही आकडे तिला दाखवले. तिने भावाचं काही विचारलं नाही, एवढंच म्हणाली की जुना ब्रिज निघाला तर तो तिला हवा.

सुतारपक्षी:
देऊ नका. निघालेले मूळ भाग केसमध्येच ठेवायचे, पुढे कधी विकायची वेळ आली तर त्यांना किंमत असते.

खर्जातला:
हे तिला जसंच्या तसं सांगितलं. म्हणाली, "किंमत असते ना? मग ७८ आणि ८५च्या मध्ये जे काय ठरेल त्यातून ती कापून घे, आणि ब्रिज मला दे."