फोर-एस बॅटरीवर एकच ईएससी तापतो: लाल तारांचा दोष असेल का?

प्रश्न (सांगली):
नमस्कार. विश्रामबागेत घरीच मी ४५० मिलिमीटर आकाराच्या फ्रेमवर क्वाडकॉप्टर (चार पंख्यांचा ड्रोन) जोडत आहे. ३० अँपिअरचे चार ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारे सर्किट) असून प्रत्येकात ५ व्होल्टचा लिनिअर बीईसी (बॅटरीचे व्होल्टेज उतरवून कंट्रोलरला वीज देणारा भाग) आहे. थ्री-एस (तीन सेलच्या) बॅटरीवर कधी त्रास झाला नाही. मात्र फोर-एस (चार सेलची) लावल्यापासून, मोटारी बंद असतानाही, चारांपैकी एकच ईएससी चटका बसेल इतका तापतो आणि थ्रॉटल दिल्यावर थोड्याच वेळात फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचे उड्डाण सांभाळणारा बोर्ड) रीस्टार्ट होतो. चारही ईएससींच्या तीन-तीन तारा (लाल ५ व्होल्टची, काळी ऋण आणि एक सिग्नलची) कंट्रोलरला जशाच्या तशा जोडल्या आहेत. बॅटरी मागे सरकवल्यामुळे तिची तार वीतभर वाढवावी लागली. ईएससी बदलावा का?

उत्तर (मिरज):
बदलू नका, त्या बिचाऱ्याचा दोष नाही. चारही लाल तारा जोडल्यामुळे चार बीईसी समांतर आले आहेत. त्यांचे व्होल्टेज अगदी सारखे कधीच नसते. ज्याचे किंचित जास्त, तोच जवळजवळ सगळा भार वाहतो. लिनिअर बीईसी जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतो. कंट्रोलर, रिसीव्हर आणि जीपीएस मिळून अर्धा अँपिअर घेत असतील, तर पूर्ण चार्ज झालेल्या फोर-एसवर (१६.८ − ५) × ०.५ म्हणजे ५.९ वॉट उष्णता होते. थ्री-एसवर ती ३.८ वॉटच होती. त्यात मोटारीच्या प्रवाहाने ईएससी स्वतःही तापला, की बीईसी स्वसंरक्षणासाठी बंद पडतो आणि कंट्रोलरची वीज जाते.

चारही लाल पिना टाचणीने कनेक्टरमधून सोडवून त्यांवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी इन्सुलेशनची नळी) चढवा. कापू नका, पुढे लागतील. काळ्या तारा मात्र राहू द्या, कारण सिग्नलचा परतीचा मार्ग तोच आहे. कंट्रोलरसाठी ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा स्वतंत्र स्विचिंग यूबीईसी (ईएससीबाहेरचा, कमी तापणारा बीईसी) घ्या आणि तो पॉवर डिस्ट्रिब्युशन बोर्डाला (बॅटरीची वीज सगळ्या ईएससींना वाटणाऱ्या बोर्डाला) जोडा.

उत्तर (सातारा):
वरील निदान मला पटते, पण वीतभर वाढवलेली तार दुर्लक्षिण्यासारखी नाही. ईएससी बॅटरीतून प्रवाह झटक्याझटक्याने ओढतो, आणि तार जितकी लांब तितके तिचे इंडक्टन्स (प्रवाहातील बदलाला होणारा विरोध) वाढून व्होल्टेजचे उंच झटके ईएससीच्या कपॅसिटरवर येतात. लांबी वाढवायचीच असेल तर ती ईएससी आणि मोटारीच्या मधल्या तारांची वाढवावी. तुमच्या रचनेत ते जमत नसेल, तर बोर्डावर बॅटरीची तार जिथे जोडली आहे तिथेच ३५ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर सोल्डर करा. त्यावरील पट्ट्याची बाजू ऋण असते, ती उलटी झाली तर तो फुटतो.

दुरुस्तीनंतर बॅटरी थेट लावू नका. ट्रकचा २४ व्होल्ट, २१ वॉटचा बल्ब धन तारेत एकसरीत जोडा. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक. तेजाने पेटून राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. मोटारींवरचे पंखे (प्रोपेलर) अर्थातच काढलेले असावेत.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. यूबीईसी आणि कपॅसिटर लावला, बल्ब लगेच विझला, आणि पंख्यांविना दहा मिनिटे मोटारी चालवूनही चारही ईएससी सारखेच कोमट आहेत. फक्त एक मोटार उलटी फिरते.

उत्तर (मिरज):
तिच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करा.