प्रीक्वेलला किती विसरायची मुभा? (जुना स्टार ट्रेक आणि स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स)

वार्प_पाच

रविवारी कोथरूडला आम्ही काही मंडळी 'अमोक टाइम' पुन्हा बघायला बसलो आणि तो संपायच्या आत जुंपली. तिथे माझं बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून हा धागा.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी: मूळ स्टार ट्रेक १९६६ ते १९६९. स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स सुरू झाली २०२२ला, पण तिची गोष्ट मूळ मालिकेच्या आधीची. जहाज तेच, एंटरप्राइझ. कप्तान कर्कच्या आधीचा, पाइक. स्पॉक (अर्धा माणूस, अर्धा व्हल्कन ग्रहावरचा) तरुण, उहुरा अजून कॅडेट, चॅपल नर्स.

आता 'अमोक टाइम', १९६७. स्पॉकला व्हल्कनांचा तो लग्नाचा ज्वर चढलाय. चॅपल त्याच्यासाठी मनापासून प्लोमीक सूप करून नेते, तो वाडगा भिंतीवर भिरकावतो. जहाज व्हल्कनपाशी पोचतं, ब्रिजवरच्या पडद्यावर एक तरुणी येते. उहुरा म्हणते, सुंदर आहे हो, कोण ही? स्पॉक म्हणतो, ही टी'प्रिंग. माझी पत्नी. कर्कसकट सगळे चाट. इतकी वर्षं शेजारी बसणाऱ्या माणसाबद्दल कोणालाच काही माहीत नव्हतं, यातच त्या प्रसंगाची सगळी गंमत आहे.

आणि नव्या मालिकेत? टी'प्रिंग सारखी ये-जा करते. एका भागात तिची आणि स्पॉकची शरीरंच अदलाबदल होतात. 'चॅरेड्स'मध्ये (२०२३) अपघाताने स्पॉकचा निव्वळ माणूस होतो, नेमके तेव्हाच टी'प्रिंगचे आईवडील जहाजावर जेवायला, आणि त्याला परत व्हल्कन करण्यासाठी चॅपल, उहुरा आणि वैमानिक ओर्टेगास शटल घेऊन धावतात. एवढं झाल्यावर तीच उहुरा पुढे विचारणार, कोण ही?

माझं म्हणणं एवढंच. ब्रिज चकचकीत केला, गणवेश बदलले, तक्रार नाही. पुठ्ठ्याची पॅनेलं आज कोण बघेल? पण कोणाला काय ठाऊक होतं, कोण कोणाला आधी कधी भेटलं, याला प्रीक्वेलने हात लावू नये.

तिरसट_टेलराइट

अहो वार्पराव, ज्या मूळ मालिकेची तुम्ही शपथ खाताय तिला स्वतःचंच काही आठवत नव्हतं. सुरुवातीच्या एका भागात कर्कच्या थडग्यावर 'जेम्स आर. कर्क' कोरलंय. पुढे तो 'जेम्स टी.' झाला, मधे कोणी बारसं केल्याचं ऐकिवात नाही. १९८२च्या चित्रपटात खलनायक खान जहाजावरच्या चेकॉव्हला बघताक्षणी ओळखतो. खानचा भाग पहिल्या सीझनचा, चेकॉव्ह पडद्यावर आला दुसऱ्यात.

आणि खानचंच घ्या. 'स्पेस सीड'नुसार (१९६७) हा बहुधा उत्तर भारतातला, बहुधा शीख असलेला महामानव १९९२ ते १९९६ पाव पृथ्वीचा सर्वेसर्वा होता, दक्षिण आशियासकट. त्या काळात मी मनपाला पीएमटीची वाट बघत उभा असायचो. राज्य बदलल्याचं एकाही कंडक्टरने सांगितलं नाही.

मग साठच्या दशकात घाईघाईत लिहिलेली 'कोण ही' ही एक ओळ आजच शिलालेख कशी झाली?

सिंहगड_रोड_सेक्टर

टेलराइट हा आयडी अगदी शोभतो. 'जर्नी टू बॅबल'मध्ये स्पॉकचे वडील सारेक म्हणतात, टेलराइट लोक कारणासाठी वाद घालत नाहीत, नुसताच घालतात. त्यांचा ग्रह सदाशिव पेठेतल्या गच्चीवरून दिसतो म्हणे.

बाकी धागाकर्त्याशी सहमत. +१

भांडारकर_रस्ता

मी टेलराइट यांच्या बाजूने, कारण मात्र वेगळं.

आपल्याच गावात, भांडारकर संस्थेत, महाभारताची चिकित्सक आवृत्ती झाली. काम सुरू १९१९ला, बाराशेच्या वर हस्तलिखितं तपासून पूर्ण झालं ते सप्टेंबर १९६६मध्ये. (त्याच महिन्यात अमेरिकेत स्टार ट्रेकचा पहिला भाग लागला. निव्वळ योगायोग, पण मला फार आवडतो.) गणपती व्यासांचा लेखनिक झाला ती कथा त्या आवृत्तीत मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. म्हणून गणपतीच्या हातातली लेखणी कोणी काढून घेतली का? लोक एखादी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात तेव्हा मधे मधे भर पडणारच, आणि ती भर एकमेकींशी जुळेलच असं नाही. टी'प्रिंगचं जहाजावर येणं हे असंच एक उपाख्यान समजा आणि पुढे बघा.

पाठभेद

भांडारकर_रस्ता, उदाहरण झकास, पण ते तुमच्यावरच उलटतंय. सुकथनकरांनी आणि त्यांच्या मागून आलेल्या संपादकांनी जे मूळ संहितेतून काढलं ते फेकून नाही दिलं. पानाच्या तळाशी बारीक टायपात पाठ दिले, कुठल्या पोथीत काय आहे ते खुणेनिशी. द्रौपदी कृष्णाचा धावा करते त्या ओळी वरच्या मजकुरात नाहीत, पण नजर खाली नेली की सापडतात. काय मानायचं ते वाचकाने बघावं.

टीव्हीवाले काय करतात? डिस्कव्हरी (२०१७) बघा. तीही मूळ मालिकेच्या आधीची. स्पॉकला एकाएकी मानलेली बहीण, मायकल बर्नम. शिवाय बुरशीच्या जाळ्यातून क्षणात कुठेही पोचवणारं इंजिन, जे पुढच्या काळातल्या कर्ककडे नाही की त्याच्याही नंतरच्या कप्तान पिकार्डकडे नाही. चाहत्यांनी बोंब मारलीच होती. २०१९ला दुसऱ्या सीझनच्या शेवटी तोडगा काय काढला, तर जहाज थेट नऊशे वर्षं पुढे धाडलं आणि मागे उरलेल्यांना तंबी दिली की या जहाजाबद्दल अवाक्षर काढाल तर तो राजद्रोह. हे सुचवणारा कोण, तर खुद्द स्पॉक! याला तळटीप म्हणत नाहीत. ही पोथीच विहिरीत टाकणं झालं.

तिरसट_टेलराइट

बहिणीबद्दल न बोलणं हे स्पॉकला धरूनच आहे. त्याच 'जर्नी टू बॅबल'मध्ये सारेक जहाजावर चढेपर्यंत हे आपले वडील हे त्याने कर्कला सांगितलेलं नसतं. कर्क बिचारा म्हणतो, खाली जाऊन आईवडिलांना भेटून ये, तेव्हा हा तोंड उघडतो. १९८९च्या चित्रपटात सावत्र भाऊ निघाला, सायबॉक. जो बापाचा पत्ता लागू देत नाही तो बहिणीचं कशाला सांगेल?

एनएक्स_०१

इतके प्रतिसाद झाले आणि एंटरप्राइझ मालिकेचं (२००१–०५) नाव कोणी घेतलं नाही, याचं आश्चर्य वाटतं. कप्तान आर्चर, मूळ मालिकेच्या शंभर वर्षं आधीचा काळ. प्रीक्वेल म्हणून सगळ्या शिव्या हिने खाल्ल्या आणि चौथ्या सीझनला, नेमका सूर सापडल्यावर, बंद पडली.

१९६६चा 'बॅलन्स ऑफ टेरर' आठवा. पृथ्वी आणि रोम्युलन यांचं युद्ध होऊन शतक लोटलंय, पण दोन्ही बाजूंनी एकमेकांचं तोंड कधीच पाहिलेलं नाही. अख्खा भाग त्यावर उभा आहे. पडद्यावर पहिल्यांदा रोम्युलन दिसतो तो हुबेहूब व्हल्कनासारखा, आणि त्याच क्षणी ब्रिजवरचा स्टाइल्स स्पॉककडे संशयाने बघायला लागतो. एंटरप्राइझवाल्यांना रोम्युलन तर हवे होते, पण हा क्षण खराब करायचा नव्हता. 'माइनफील्ड'मध्ये (२००२) नुसता आवाज ऐकवला. चौथ्या सीझनमध्ये रोम्युलनांचं जहाज आहे, पण दुरून चालवलेलं, आत चिटपाखरू नाही. आपण रोम्युलन बघतो, आर्चर बघत नाही. असं काम करायला डोकं लागतं.

(त्याच 'माइनफील्ड'मध्ये अदृश्य होणारी जहाजं दाखवून माती खाल्ली, तेही नोंदवतो. शंभर वर्षांनी स्पॉक त्याच तंत्राबद्दल 'तत्त्वतः शक्य आहे' अशा सुरात बोलतो.)

उलट टोकाचं उदाहरण क्लिंगॉन या परग्रहवासींच्या कपाळाचं. मूळ मालिकेत सपाट, १९७९च्या चित्रपटापासून उंचवटे. मेकअपला पैसे आले, दुसरं काही नाही. १९९६ला डीप स्पेस नाइनमध्ये मंडळी कर्कच्या काळात जातात, सपाट कपाळाचे क्लिंगॉन बघून त्यांच्यातल्या क्लिंगॉन वर्फकडे वळतात, आणि वर्फ म्हणतो, आम्ही याबद्दल परक्यांशी बोलत नाही. विषय तिथेच संपायला हवा होता. पण २००५ला एंटरप्राइझने दोन भाग खर्चून विषाणू, जनुकं, सगळं समजावून सांगितलं. भाग वाईट नाहीत. पण कपाळाला स्पष्टीकरण लागत नव्हतं, आणि रोम्युलनांच्या चेहऱ्याला पहारा लागत होता. वार्प_पाच यांचा नियम मला त्यासाठी पटतो.

अर्धी_व्हल्कन

मी सगळं उलट्या क्रमाने पाहिलंय. आधी डिस्कव्हरी, मग स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स, आणि 'अमोक टाइम' गेल्या पावसाळ्यात हॉस्टेलवर. उहुराचा तो प्रश्न आला आणि गेला, मला खटकला नाही, कारण माझं सगळं लक्ष टी'प्रिंगकडे होतं.

शेवट आठवा. ती लग्न नाकारून द्वंद्व मागते. लढायला तिचा स्टॉन तयार उभा असतो, त्याला सोडून ती कर्कला निवडते. कर्क जिंकला तर तो तिला नेणार नाही. स्पॉक जिंकला तर तो तिला सोडेल, किंवा पुन्हा जहाजावर निघून जाईल. काहीही झालं तरी स्टॉन तिचाच. आणि स्पॉक नको का, तर तो आमच्या लोकांत फार नावाजला, जवळजवळ दंतकथा झाला, मला दंतकथेची बायको व्हायचं नाही. १९६७ला हे दोन मिनिटांत उरकून तिला कपटी ठरवून मोकळे झाले. नव्या मालिकेत तीच बाई नोकरी करते, वेळ काढून भेटायला येते, आणि स्पॉक ऐन वेळी ड्यूटीवर पळतो. 'चॅरेड्स'च्या शेवटी तिला कळतं की स्पॉकला काय झालं होतं हे त्याच्या सहकाऱ्यांना माहीत होतं, सांगितलं नाही ते फक्त तिला. हे बघून मग 'दंतकथेची बायको' ऐकून बघा. मला पोटात तुटलं.

उहुराचा एक प्रश्न गेला, अख्खी टी'प्रिंग मिळाली. मला हा सौदा परवडला.

सिंहगड_रोड_सेक्टर

शिवाय मधे आठ वर्षं जातात. आमच्या सोसायटीत बी विंगमधले लोक लिफ्टमध्ये भेटले की आजही एकमेकांना 'आपण कोण' विचारतात.

वार्प_पाच

उहुरा कम्युनिकेशन अधिकारी आहे हो, बी विंगमधली नाही.

अर्धी_व्हल्कन, आतापर्यंतचा सर्वांत चांगला प्रतिसाद, आणि तरी मी हटत नाही. टी'प्रिंगला जीव द्यायला माझी ना नाहीच. तिचं काम, तिचं घर, स्टॉन, ते जेवण, सगळं व्हल्कनवर घडवता आलं असतं. तुमची बाई तुम्हाला मिळाली असती, आमचा धक्का आम्हाला राहिला असता.

गॉर्न या सरड्यासारख्या परग्रहवासींचं तर याहून वाईट केलंय. 'अरीना' (१९६७): गॉर्न एक मानवी वस्ती उद्ध्वस्त करतात, कर्क सूड घ्यायला मागे लागतो. मग कळतं की त्यांच्या लेखी तो प्रदेश त्यांचा, घुसखोर आपणच. कर्क गॉर्नच्या गळ्याशी नेलेला सुरा थांबवतो. हे पटतं, कारण समोरच्याबद्दल त्याला काहीच माहीत नसतं. नव्या मालिकेत गॉर्न माणसांच्या अंगात अंडी घालतात, पिल्लं शरीर फाडून बाहेर येतात, जहाजाचा मुख्य अभियंता हेमर, त्याचा जीव त्यातच गेला, आणि स्पॉक हे सगळं डोळ्यांनी बघून बसलाय. तोच स्पॉक 'अरीना'त कर्कची झुंज ब्रिजवरून बघतो आणि यातलं एक अक्षर बोलत नाही?

तिरसट_टेलराइट

अंडी घालणाऱ्याला सोडून देणारा कर्क मला जास्त मोठा वाटतो.

आणि कालक्रमाचंच रडायचं असेल तर उत्तर मालिकेनेच देऊन ठेवलंय. २०२३च्या 'टुमॉरो अँड टुमॉरो अँड टुमॉरो'मध्ये आपल्या काळातल्या टोरांटोत खान लहान मुलगा आहे. त्याला मारायला आलेली रोम्युलन बाई वैतागून सांगते की हे सगळं १९९२लाच व्हायचं होतं, पण लोक काळात ढवळाढवळ करतात, आणि घटना सरकून पुन्हा आपापल्या जागी येऊन बसतात. सरकल्या तारखा. संपलं.

पाठभेद

खानपुरतं ते मला मान्य आहे, कारण पडद्यावर उघडपणे सांगितलं. पण त्या एका बाईच्या वैतागाखाली सगळंच झाकायचं म्हटलं तर मग कुठल्याच चुकीला चूक म्हणायची सोय उरणार नाही. लेखकांना ते सोयीचंच आहे म्हणा.

एनएक्स_०१

लेखकांना जुनं माहीत नसतं असं मात्र कोणी समजू नका. 'मेनॅजरी'मध्ये (१९६६) कर्कला विचारतात, पाइकला कधी भेटलास का? तो म्हणतो, ते फ्लीट कॅप्टन झाले तेव्हा. बस, एवढंच. आता 'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' (२०२३) काढा. कर्क एंटरप्राइझवर येतो तो नेमका कधी? पाइकला तात्पुरतं फ्लीट कॅप्टन केलंय तेव्हा.

वार्प_पाच

म्हणजे १९६६च्या अर्ध्या वाक्यासाठी ते पाइकला बढती देऊ शकतात. मग उहुराचं वाक्यही त्यांना पाठ असणारच. माहीत असून मोडलं.

तिरसट_टेलराइट

मोडलं नाही, सोडलं. ते वाक्य पाळायचं तर 'चॅरेड्स' लिहिताच आला नसता, आणि तो या मालिकेचा सर्वांत मजेदार भाग आहे. तुम्ही ओळ सांभाळा, मी भाग सांभाळतो.

अर्धी_व्हल्कन

वार्प_पाच, ते जेवण व्हल्कनवर ठेवलं असतं तर चॅपल तिथे कोणत्या निमित्ताने पोचली असती, हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.