दार उघडताना मागे बघता का?

पेडलवाला
रविवारी सकाळी साडेसहाला, दादरच्या गोखले रोडवर, उभ्या कारचं ड्रायव्हरकडचं दार अचानक उघडलं. दाराच्या कडेवर माझ्या सायकलचं हँडल आपटलं आणि मी उजवीकडे, रस्त्याच्या मधोमध. मागच्या बसवाल्याने वेळेत ब्रेक मारला म्हणून हे लिहितोय. गुडघ्याला सहा टाके. कारवाला म्हणतो, "दिसत नाही का?" अरे, बंद दार दिसत होतं की!

दार लांबच्या हाताने उघडायची सवय लावा. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणजे डाव्या हाताने. खांदा वळतो, मान आपोआप मागे जाते. नेदरलँड्समधली ही पद्धत 2022 साली ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही आली.

पार्ककर काका
सगळं कारवाल्यानेच करायचं का? निम्मे सायकलवाले उलटे येतात, दिवा नाही, काळा टीशर्ट. आरशात काय दिसणार, कपाळ? आमची बिल्डिंग जुनी, गॅरेज नाही. गाडी रस्त्यावरच लागणार.

पेडलवाला
दिवा होता, काका. गाडी लावा की. माझं भांडण दाराशी आहे.

माटुंग्याची
मी उभ्या गाड्यांपासून मीटरभर लांबूनच चालवते. साधारण दाराएवढं अंतर.

पार्ककर काका
म्हणजे रस्त्याच्या मधे. आणि मागच्यांनी तुमच्या मागून रांगत यायचं?

माटुंग्याची
हो. हॉर्न खाल्लेला परवडतो, दार नाही. डावीकडे सरका म्हणणारे नेमकं दारांच्या टप्प्यात सरकायला सांगतात. आणि डबल पार्किंग असलं की मीटर कुठून आणायचा?

गल्लीतला
इथे सगळी हेल्मेटवाल्यांचीच चर्चा. आमच्याकडे येणारा इडलीवाला अण्णा बघा. कॅरियरवर इडल्यांचं भलंमोठं भांडं, हँडलला चटणी-सांबाराचे डबे, एका हाताने पों पों. त्याला ऐनवेळी वळवताच येत नाही. गेल्या पावसाळ्यात एका दारापायी अख्खं सांबार रस्त्यावर. भरपाई कोण देणार? दारवाला काच वर करून बसला.

पिवळं टप
वीस वर्षं टॅक्सी चालवतोय. तुम्ही सगळे उजव्या दाराचंच बोलताय. सिग्नलला अडकलो की पॅसेंजर "इथेच उतरतो" म्हणत डावं दार ढकलतो, आणि फुटपाथकडच्या फटीतून सायकल येत असते. मी ओरडेपर्यंत काम झालेलं असतं. तिथे तुमचा डावा हात कामाचा नाही, उजवा लागतो. आणि खरं सांगू? त्या फटीतून घुसूच नका.

माटुंग्याची
हे मान्य. फटीचा मोह मलाही होतो.

रोजचा_बीकेसी
वेगळा ट्रॅक मागू नका. आमच्याकडे केला होता, त्यावर गाड्याच लागल्या.

पार्ककर काका
काल डाव्या हाताने उघडून पाहिलं. सीटबेल्टमध्येच अडकलो.

पेडलवाला
आधी बेल्ट काढायचा असतो, काका.